हेमचंद्र टिपणिसांचे सव्वाएक्कावन्न गुण

हेमचंद्र टिपणीस यांना कुणीही, कधीही, कुठल्याही भाषेत ‘कसे आहात?’ असं विचारलं की उत्तर एकच यायचं: ‘उत्तम!’ ताप असला तरी उत्तम, दाढ ठणकत असली तरी उत्तम. महाडच्या शाळेत पहिला नंबर कधी न सोडलेला हा मुलगा मुंबईत केमिस्ट्री शिकला, १९८२ साली डॉक्टरेटसाठी जर्मनीत आला आणि पुढे लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झाला. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे मदत मागितल्याचं कुणाला आठवत नाही. आल्या दिवशी मानहाइम स्टेशनात ट्रंक घेऊन ते कितीतरी वेळ चुकीच्या फलाटावर उभे होते, पण शेजारच्या माणसाला विचारतील तर शपथ! आणि हा किस्सा ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगत.

त्यांच्या पत्नी नीलांबरीबाई अगदी वेगळ्या. लग्न होऊन इथे आल्यावर मुलीला, मुक्ताला, वाढवण्यात दहा-बारा वर्षं गेली आणि मग एके दिवशी त्यांनी हेम्सहोफ या जुन्या वस्तीत एक चिंचोळा गाळा भाड्याने घेऊन कपडे दुरुस्तीचं दुकान थाटलं. पँटची उंची कमी करणं, झिप बदलणं, कोटाचं फाटलेलं अस्तर नवं लावणं, लग्न आठवड्यावर आलेलं असताना अंगात न शिरणारा ड्रेस शिरेल असा करून देणं. हेमचंद्रांचं जर्मन पुस्तकातून आलेलं, अगदी शुद्ध. नीलांबरीबाईंचं जर्मन गिऱ्हाइकांकडून उचललेलं, इथल्या फाल्त्स भागातली अस्सल रांगडी बोली. कारखान्याच्या पार्टीत लोक हेमचंद्रांचं बोलणं मान डोलवत ऐकत आणि मग नीलांबरीबाईंच्या भोवती जाऊन उभे राहत. दुकान हा बायकोचा विरंगुळा आहे, असं हेमचंद्रांना आधी वाटायचं. काही वर्षांनी बेकरीतल्या बाईने त्यांची ओळख ‘आपल्या शिवणवाल्या फ्राऊ टिपणीस, त्यांचे हे यजमान’ अशी करून दिली, तेव्हा ते वरवर हसले आणि घरी येऊन तीच गोष्ट दोनदा सांगितली.

२०१६च्या ऑक्टोबरात एका सकाळी दात घासताना हेमचंद्रांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकले ते तिथेच कलंडले. मेंदूचा झटका. हॉस्पिटल झालं, मग पुनर्वसन केंद्र झालं, आणि जानेवारीत ते घरी आले तेव्हा बुद्धी शाबूत होती, वाचा शाबूत होती, पण उजवा हात लोंबत होता आणि उजवा पाय ओढावा लागत होता. ‘कसे आहात?’ ‘उत्तम!’ हेही शाबूत होतं.

आता खरं सांगायचं तर त्यांचं सगळं नीलांबरीबाई करत. सकाळी उठवून बसवणं, संडासला नेणं, आंघोळ, शर्टाची बटणं, मोजे, पायाला आधार देणारा पट्टा, पोळीचे तुकडे, गोळ्या. एवढं उरकून त्या ट्राम पकडून दुकान गाठत आणि दुपारी एकला शटर ओढून धावत घरी येत. संध्याकाळी येणारी गिऱ्हाइकं बंद दारावर टकटक करून परत जाऊ लागली. असं किती दिवस चालणार? दुकान पुढे ठेवायचं की सोडायचं, ते ऑगस्टअखेर जागेच्या मालकाला कळवायचं होतं.

त्यावर एक उपाय होता. गावात टागेसफ्लेगेची चांगली सोय होती, म्हणजे सकाळी गाडी येऊन घरून नेणार, दिवसभर सांभाळणार, व्यायाम करून घेणार आणि संध्याकाळी आणून सोडणार. नीलांबरीबाईंनी तिथे फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, ‘यजमानांचा फ्लेगेग्राड किती?’

हेमचंद्रांना नुकतंच अपंगत्वाचं सरकारी कार्ड मिळालं होतं. नीलांबरीबाईंनी ते समोर धरून ठणठणीत आवाजात वाचलं, ‘ऐंशी!’

फोनवरची बाई हसली, पण प्रेमाने हसली. म्हणाली, ‘ताई, तो तर पाचपर्यंतच असतो.’

तेव्हा कुठे या दोघांना कळलं, की कार्ड ही एक गोष्ट आणि फ्लेगेग्राड ही दुसरीच. कार्डाचं ऑफिस वेगळं, याचं वेगळं. देखभालीच्या या श्रेणीसाठी आरोग्य विम्याकडे निराळा अर्ज करायचा, मग त्यांच्यातर्फे तपासनीस घरी येऊन बघणार, गुण देणार आणि त्या गुणांवरून श्रेणी ठरणार. निदान दुसरी श्रेणी मिळाली, तर टागेसफ्लेगेचं दार उघडणार होतं.

गुण! हा शब्द ऐकल्यावर हेमचंद्रांच्या अंगात शाळेतला हेमू संचारला. अर्ज गेला, तपासणीची तारीख आली आणि घरात परीक्षेचं वातावरण तयार झालं. ते रोज डाव्या हाताने सही गिरवू लागले, शंभरापासून सात-सात वजा करत उलटे जाऊ लागले, भिंत धरून दिवाणखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याची तालीम करू लागले.

आणि नीलांबरीबाईंनी काय करावं? घरी पाहुणी येणार म्हटल्यावर त्यांनी आदल्या दिवसापासून घर घासूनपुसून लख्ख केलं. चाकांचा वॉकर आणि आंघोळीची प्लास्टिकची खुर्ची, ‘काय दिसतं ते!’ म्हणून तळघरात नेऊन ठेवली. हेमचंद्रांना पहाटेच उठवून न्हाऊ घातलं, इस्त्रीचा शर्ट चढवला, बटणं लावली, वर कोट घातला, बूट बांधले, भांग पाडला आणि त्यांना अशा खुर्चीत बसवलं, की उजवा हात कुशनमागे झाकला जाईल. स्वयंपाकघरात कोथिंबीर वड्या तळायला घेतल्या. आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा जसं सगळं मांडतात, तसंच हे सगळं मांडलं होतं. फक्त इथे दाखवायला बसला होता चौसष्ट वर्षांचा नवरदेव.

तपासनीस बाई, फ्राऊ लेन्त्स, शांत आणि नीटनेटक्या होत्या. त्यांनी दोन वड्या खाल्ल्या, कृती विचारून घेतली आणि मग प्रश्नांना सुरुवात केली. आज वार कोणता? हेमचंद्रांनी वार सांगितला, तारीख सांगितली आणि जर्मन लोक मोजतात तसा वर्षाचा कितवा आठवडा तेही सांगितलं. अंघोळ स्वतः करता? ‘नाट्यूर्लिख! अर्थातच!’ तोंडावरून साबण तेच फिरवत होते ना! कपडे? ‘गेनाऊ, अगदी बरोबर, मीच.’ डावा हात बाहीत तेच घालत होते. जिना? ‘सावकाश, पण उत्तम.’ मग त्यांनी उठून भिंतीभिंतीने दिवाणखाना पार करून दाखवला. परतताना कपाळावर घाम आला, तो त्यांनी खिडकीकडे तोंड करून पुसला.

मधे एकदा फ्राऊ लेन्त्सनी नीलांबरीबाईंकडे बघितलं. ‘तुम्हाला काही सांगायचंय?’

नीलांबरीबाईंनी तोंड उघडलं. हेमचंद्रांनी डोळे वटारले. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करायचा का, असा विचार नीलांबरीबाईंच्याही मनात आलाच. त्या म्हणाल्या, ‘हे फार शिस्तीचे आहेत.’

पाहुणी गेल्यावर दोघंही खुशीत होते. ‘पेपर सोपा गेला,’ असं हेमचंद्रांनी जाहीर करून टाकलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. शंभरपैकी सव्वासहा. सगळ्यांत खालच्या श्रेणीलासुद्धा साडेबारा लागत होते. अर्ज नामंजूर.

हेमचंद्र ते कागद उलटसुलट बघत बसले. आयुष्यात इतके कमी गुण त्यांना कधी पडले नव्हते. मुक्ता हेर्त्सोगेनआउराखला खेळाच्या कपड्यांच्या कंपनीत डिझायनर होती. फोनवर तिने नेहमीप्रमाणे मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तर दिलं, ‘बाबा, तुम्ही त्यांना सांगितलंत तरी काय?’

‘जे विचारलं ते. सगळं नीट करता येतं म्हणालो.’

मग आयुष्यात फार क्वचित करते तसं तिने मराठीत म्हटलं, ‘बाबा, तिथे उलटे मार्क असतात.’

जितकं जमत नाही, तितके गुण जास्त. पहिला नंबर काढायच्या नादात हेमचंद्र सपशेल नापास झाले होते. ते कागद ड्रॉवरमध्ये टाकून म्हणाले, ‘ठीक आहे. नाही तर नाही. आपण काही भीक मागायला आलेलो नाही.’ आणि नीलांबरीबाई भाजी चिरायला गेल्या. दुकान सोडायचं त्यांनी त्या क्षणी मनात ठरवून टाकलं होतं, हे हेमचंद्रांना त्यांच्या पाठीकडे बघून कळलं.

पुढच्याच आठवड्यात दुकानात कुंदा शेफर आली, कोटाची झिप बदलून घ्यायला. कुंदा मूळची डोंबिवलीची, नवरा जर्मन, नोकरी मानहाइमच्या एका हॉस्पिटलात. घरी परतणाऱ्या पेशंटांना पुढची मदत मिळवून देणं हेच तिचं काम. आवाज मोठा, स्वभाव फटकळ, आणि एखाद्याचं अडलेलं दिसलं की स्वतःहून त्यात उडी घेणारी. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला भेट व्हायची, तेवढीच ओळख. नीलांबरीबाई सहज बोलून गेल्या, ‘झिप आत्ताच सगळ्या बदलून घे हो, ऑगस्टनंतर मी नाही.’ कुंदाने का म्हणून विचारलं आणि पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. शनिवारी ती घरी हजर.

‘दादा, या निकालावर विडरश्प्रुख करायचा. महिन्याच्या आत करावा लागतो, अजून दिवस आहेत.’

हेमचंद्र उसळले. ‘मी या देशाच्या विरुद्ध तक्रार करू? अगं, मी इथे आलो तेव्हा खिशात काय होतं? यांनी मला शिकवलं, नोकरी दिली, माझ्या मुलीला फुकट शिकवलं. गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये पडलो तर काही मिनिटांत गाडी दारात होती. माझा जीव वाचवला यांनी! आणि आता मी त्यांच्याशी भांडू?’ त्यांना हे खरोखरच वाटत होतं. या देशाचे उपकार ते रोज आठवत.

कुंदाने त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, ‘भांडण कुठाय यात? विडरश्प्रुख म्हणजे “तुम्ही बघितलंत ते पुरेसं नव्हतं, परत एकदा येऊन बघा” एवढंच. सही करून पाठवायचं. कुणाला राग येत नाही. माझ्याकडे रोज असे चार असतात. आणि भीक कसली? तुमच्या पगारातून दर महिन्याला याच विम्याचा हप्ता कापला जात होता ना? मग याला आन्श्प्रुख म्हणतात दादा. हक्क. आल्झो, म्हणजे तो अर्ज करून मिळतो म्हणून तो काही उपकार होत नाही.’

‘पण मला जमतं सगळं! हळू जमतं, पण जमतं. कार्डावर ऐंशी आहेच की लिहिलेलं.’

‘कार्ड सांगतं, शरीराचं नुकसान किती झालंय ते. फ्लेगेग्राडला त्याच्याशी कर्तव्य नाही. तिथे एकच बघतात, दुसऱ्याचा हात किती लागतो. त्या फॉर्मभर एक शब्द असतो बघा, झेल्बश्टेंडिग. त्याचा तुम्ही काय अर्थ घेतलात?’

‘स्वावलंबी.’ हेमचंद्रांनी लगेच उत्तर दिलं.

‘बरोबर. मग तुम्ही आहात?’

‘बऱ्यापैकी.’

‘छान,’ कुंदा म्हणाली. ‘मग मला चहा करून द्या. वहिनी, तुम्ही इथून उठायचं नाही आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तुम्ही घरात नाहीच आहात, असं समजा.’

हेमचंद्र उठायला गेले. एरवी त्यांच्या उजव्या काखेखाली नीलांबरीबाईंचा हात कधी येई ते त्यांना कळतही नसे. आज तो आला नाही. ते दोनदा खुर्चीत परत बसले. तिसऱ्या वेळी टेबल धरून उठले आणि भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात पोचले. पातेलं खालच्या कप्प्यात होतं. वाकता येईना. वरचा स्टीलचा टोप मिळाला, त्यात डाव्या हाताने नळाचं पाणी घेतलं, अर्धं ओट्यावर सांडलं. चहाचा डबा घट्ट होता. त्यांनी तो पोटाशी दाबून धरला, मग दोन्ही गुडघ्यांत धरायचा प्रयत्न केला, मग दातांनी झाकण ओढून पाहिलं. दुधाचा खोका तर नवाच होता, त्याचं तोंड उघडायचं होतं. बाहेरच्या खोलीत नीलांबरीबाईंचे हात मांडीवर नुसते वळवळत होते. कुंदाने ते आपल्या हातात धरून ठेवले.

शेवटी आतून आवाज आला, ‘अगं नीला...’

‘वहिनी घरात नाहीत,’ कुंदा बाहेरूनच म्हणाली.

काही मिनिटांनी कुंदा उठून स्वयंपाकघरात गेली तेव्हा हेमचंद्र ओट्याला टेकून उभे होते, काखेत चहाचा डबा, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. ‘रोज मीच करतो गं चहा,’ ते पुटपुटले. खोटं नव्हतं ते. पातेलं काढलेलं, डबा उघडलेला, दूध फोडलेलं असे, आणि मग पावडर टाकण्याचं काम त्यांचं असे.

कुंदाने त्यांना बसवलं आणि या वेळी हळू आवाजात बोलली. ‘दादा, तुम्हाला सव्वासहा गुण पडले. म्हणजे तुम्ही सरकारला काय सांगितलंत माहितेय? की या घरात वहिनी काहीच करत नाहीत. ते गुण तुमच्या आजाराचे नसतात. दुसरं माणूस दिवसभर काय काय करतं, त्याचे असतात.’

हेमचंद्रांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आपण नापास झालो याचं त्यांना इतके दिवस वाईट वाटत होतं. आपण नीलाला नापास केलं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती फडकं घेऊन ओट्यावरचं पाणी टिपत होती.

त्याच दिवशी त्यांनी विडरश्प्रुखच्या कागदावर डाव्या हाताने, तालीम केलेली सही ठोकली.

दुसरी तपासणी जूनमध्ये ठरली. कुंदाने फोनवर हुकूम सोडले, वॉकर आणि खुर्ची तळघरातून वर आणा, कोट नाही, भांग नाही, तळण तर मुळीच नाही. ‘अगं, निदान कॉफी?’ नीलांबरीबाईंनी अजिजीने विचारलं. घरी आलेला माणूस कोरडा पाठवायचा हे त्यांच्या जिवावर आलं होतं. कॉफीला परवानगी मिळाली.

या वेळी आले हेर ब्रेम, पांढऱ्या दाढीचे, जाडजूड चष्म्याचे. पहिला प्रश्न नेहमीचाच होता, ‘कसे आहात, हेर टिपणीस?’

हेमचंद्रांच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. त्यांनी तो मागे लोटला. ‘बरा नाहीये,’ ते म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांनी या भाषेत हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं असेल. आणि एकदा बांध फुटल्यावर मग पुढचं सोपं गेलं, असं मात्र अजिबात झालं नाही. प्रत्येक उत्तर त्यांना ओढून काढावं लागत होतं. अंघोळ? बायको घालते. पाठ, पाय, सगळं? सगळं. मोजे? बायको. संडासला? हेमचंद्रांनी खाली बघितलं. ‘ती नेते. नंतरचं... तेही तीच करते.’ कान लालबुंद झाले होते. हेर ब्रेम मान न उचलता लिहीत होते. ते मुद्दामच वर बघत नाहीयेत, हे हेमचंद्रांच्या लक्षात आलं आणि त्या अनोळखी माणसाबद्दल त्यांना फार बरं वाटलं.

‘पत्नी दुकानात असतात तेव्हा पाणी कोण देतं?’

‘मी बाटली भरून जाते,’ नीलांबरीबाई चटकन म्हणाल्या. ‘आले की रिकामी असते. पाण्याचं यांचं चांगलं आहे.’

हेमचंद्रांनी मान फिरवली. हेर ब्रेमनी पेन थांबवलं. ‘हेर टिपणीस?’

‘मी पीत नाही,’ हेमचंद्र म्हणाले.

‘म्हणजे?’

‘प्यायलो तर जावं लागेल. एकट्याला जाता येत नाही. म्हणून ती येईपर्यंत पीत नाही. ती यायच्या आधी बाटली या कुंडीत ओततो.’ त्यांनी डाव्या हाताने खुर्चीशेजारच्या जास्वंदीकडे बोट केलं. ‘तिला कळलं तर ती दुकान तेव्हाच बंद करेल, म्हणून सांगितलं नाही.’

नीलांबरीबाईंनी जास्वंदीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. ‘मी म्हणते, ही एवढी कशी फोफावलीय!’ त्या म्हणाल्या, आणि हसायला गेल्या त्या रडायलाच लागल्या. तेवीस-चोवीस आठवडे हा माणूस सकाळभर तहानलेला बसून होता आणि त्या रोज रिकामी बाटली बघून समाधानाने विसळून ठेवत होत्या.

हेर ब्रेमनी चष्मा काढून पुसला. जाताना दारात थांबून ते म्हणाले, ‘हे सांगितलंत, फार चांगलं केलंत. बहुतेक लोक सांगत नाहीत.’

दार बंद झालं. आता आपली धडगत नाही, असं हेमचंद्रांना वाटलं. नीलांबरीबाई स्वयंपाकघरातून तांब्याभांडं घेऊन आल्या आणि समोर बसल्या. ‘प्या,’ म्हणाल्या. ते प्याले. त्यांनी भांडं पुन्हा भरलं. ‘आणखी.’ तेही प्याले. तिसरं भांडं अर्धं झाल्यावर हेमचंद्र म्हणाले, ‘नीला, आता मला जावं लागेल गं.’ ‘चला मग,’ त्या म्हणाल्या आणि उजव्या काखेखाली हात घातला. त्या दिवसापासून त्यांनी दुकान सकाळी दोनच तास उघडलं, निकाल येईपर्यंत.

जुलैच्या मध्यावर निकाल आला. सव्वाएक्कावन्न. फ्लेगेग्राड तिसरा. दुसराच पुरेसा होता, हा एक पायरी वरचा मिळाला. मुक्ताने फोनवर किंचाळून ‘बाबा, सुपर!’ म्हटलं. कुंदाने तर विचारलंच, ‘वहिनी, पेढे कधी?’ सोमवारपासून टागेसफ्लेगेची गाडी येणार होती. नीलांबरीबाईंनी आधी जागेच्या मालकाला फोन लावला आणि आपल्या रांगड्या जर्मनमध्ये ‘मी कुठेही जात नाही, समजलं का?’ असं ठणकावून सांगितलं. फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले.

संध्याकाळी जेवणाआधी हेमचंद्र निकालाला जोडलेला अहवाल वाचत बसले होते. हेर ब्रेमनी सात-आठ पानं लिहिली होती. त्यांनी हाक मारली, ‘नीला, जरा इथे बस. ऐक.’

‘पोळ्या राहिल्यात माझ्या.’

‘राहू देत. बस.’

त्यांनी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. ‘पत्नी त्यांना सकाळी अंथरुणातून उठवून बसवते. पत्नी त्यांना आंघोळ घालते, अंग पुसते. पत्नी कपडे घालते. पायाचा पट्टा पत्नी बांधते. अन्नाचे तुकडे पत्नी करते. औषधं पत्नी देते. शौचाच्या वेळी पत्नी पूर्ण मदत करते.’ पानामागून पान उलटत होतं. प्रत्येक ओळीत तीच. तिचं नाव कुठेच नव्हतं, नुसतं ‘पत्नी’, पण ती नाही अशी ओळ सापडत नव्हती.

नीलांबरीबाई पिठाचे हात मांडीवर तसेच ठेवून ऐकत होत्या. ‘बाई गं,’ त्या म्हणाल्या, ‘हे एवढं सगळं मी करते?’

‘करतेस,’ हेमचंद्र म्हणाले. ‘आता तर सरकारनेच लिहून दिलंय.’ त्यांनी कागद बाजूला ठेवला. ‘नीला, मी बेकरीवालीला थँक्यू म्हणतो. ट्रामच्या ड्रायव्हरला म्हणतो. या देशाचे उपकार उठताबसता आठवतो. आणि ती पहिली बाई आली होती ना, तिच्यासमोर तुझ्याबद्दल एक शब्द बोललो नाही मी. सगळं मीच करतो म्हणालो. तू नसतीस तर मी आज नसतो गं. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते तुझे आहेत.’

‘काहीतरीच काय,’ नीलांबरीबाई म्हणाल्या आणि उठू लागल्या. हेमचंद्रांनी डाव्या हाताने त्यांचा पिठाळलेला हात धरला.

‘हात दुखत असतील ना तुझे?’

या घरात आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ‘नाही हो, बरे आहेत,’ असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. मग परत खाली बसल्या.

‘दुखतात,’ त्या म्हणाल्या. ‘खांद्यापासून दुखतात. खूप दुखतात.’